शाळेचं व्हॉट्सॲप, फेसबुक आणि यूट्यूब: एका पालकाचा रिव्ह्यू, देवगड किनारपट्टीवरून

आमच्या शाळेच्या सोशल मीडियाला मी पाचपैकी साडेतीन स्टार देईन आणि त्यातले तीन एकट्या व्हॉट्सॲपचे आहेत. उरलेला अर्धा फेसबुकला, तो पण मुंबईकरांमुळे. शाळेचं नाव लिहीत नाही. देवगड तालुक्यात समुद्राला लागून असलेली पहिली ते सातवीची मराठी शाळा एवढं पुरे, कारण जे लिहितेय ते किनाऱ्यावरच्या बऱ्याच शाळांना लागू पडेल. माझी मुलं तिथे शिकतात आणि यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीत पण आहे, त्यामुळे मेसेज घरी येतो कसा ते पण बघते आणि शाळेतून निघतो कसा ते पण.

मार्क मी एकाच गोष्टीवरून दिलेत. शाळेचा निरोप घरातल्या ज्या माणसाला कळायला पाहिजे त्याला वेळेत कळला का, आणि त्याला उलट काही सांगायचं असेल तर सांगता आलं का. लाइक किती आले, रील किती चालली हे मी धरलेलंच नाही.

आधी फेसबुक. पेज दिसायला छान आहे, फोटो चांगले, परसबाग, योग दिन, वृक्षारोपण, कोणी अधिकारी भेटीला आले तर त्यांचा सत्कार, सगळं त्याच दिवशी संध्याकाळी वर चढलेलं असतं. पण पालकसभा कधी आहे, गणवेशाचं माप कधी घेणार, पाचवीच्या मुलांचा नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या परीक्षेचा, फॉर्म कधीपर्यंत भरायचा, यातलं काहीच तिथे मिळत नाही. समितीत आल्यावर त्याचं कारण कळलं. कुठलाही उपक्रम झाला की त्याचे फोटो वरती अधिकाऱ्यांना पाठवावे लागतात आणि मग तेच फोटो पेजवर जातात, म्हणजे पेज मुळात वर बघणाऱ्यांसाठी तयार होतं, घरच्यांसाठी नाही. मी शिक्षकांना दोष देत नाही. एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं आणि वर पटसंख्या टिकवायची काळजी, कारण पट कमी झाला की शाळेचं काय होईल याची धास्ती सगळ्या गावाला असते. पेजवर चांगली शाळा दिसली तर चार मुलं जास्त येतील असं त्यांना वाटतं आणि ते वाटणं बरोबरच आहे. फक्त त्याला पालकांशी संपर्क म्हणू नका एवढंच माझं म्हणणं.

अर्धा स्टार दिला तो स्नेहसंमेलनाच्या लाइव्हसाठी. आमच्याकडे निम्म्या घरांतली माणसं मुंबईत, कोण नालासोपाऱ्याला, कोण डोंबिवलीला, काका, आत्या, कधीकधी मुलाचे बाबाच तिकडे कामाला. त्या रात्री सगळे फोनला चिकटून होते आणि खाली कमेंटमध्ये आपापल्या पोराचं नाव घेत होते. नंतर शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी पैसे कमी पडत होते तेव्हा मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने लगेच हात पुढे केला, आणि मला खात्री आहे की लाइव्ह बघितलेलं असल्यामुळेच. पण एक गोष्ट शाळांनी लक्षात ठेवा, फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुक नवीन लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसच ठेवतं, मग काढून टाकतं. तेव्हा कार्यक्रम झाला की व्हिडिओ डाऊनलोड करून घ्या आणि यूट्यूबवर अनलिस्टेड करून टाका, म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे तोच बघेल, सर्च करून कोणाला सापडणार नाही. आमच्या शाळेने तो पब्लिक टाकला होता, मुलींचे नाच, खाली कोण कुठल्या अनोळखी लोकांच्या कमेंट, बघून जीव वर आला. आम्ही समितीत विषय घेतला आणि आता अनलिस्टेड आहे. यूट्यूबवर व्हिडिओला मुलांसाठी बनवलेला अशी खूण केली तर कमेंट आपोआप बंद होतात, ते पण करून घ्या.

फोटोंचं थोडं सविस्तर लिहिते कारण यावर गावात कोणी बोलतच नाही. पब्लिक पेजवर मुलाचा फोटो, खाली पूर्ण नाव, इयत्ता, गावाचं नाव, कधी वाडीचं पण. स्पर्धेत नंबर आला म्हणून टाकलेलं असतं, आईबापाला पण अभिमान वाटतो, आपणच शेअर करतो. पण ही सगळी माहिती एकत्र कुठल्याही अनोळखी माणसाला मिळते हे डोक्यात येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांचा डेटा वापरायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्याने होतोय. कायदा कधी पूर्ण लागू होईल तेव्हा होईल, आम्ही प्रवेशाच्या वेळी एक साधा कागद सुरू केलाय: मुलाचा फोटो पालकांच्या ग्रुपमध्ये चालेल का, पब्लिक पेजवर चालेल का, दोन वेगळे प्रश्न आणि हो-नाहीचे चौकोन. बऱ्याच जणांनी पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही केलं. आता पेजवर ग्रुप फोटो जातात, नाव नाही, लांबून काढलेले, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. कौतुक पालकांच्या ग्रुपमध्ये नाव घेऊन होतं, तिथे ते जास्त भारी वाटतं.

आता व्हॉट्सॲप. पूर्वी एकच मोठा ग्रुप होता आणि त्याची अवस्था काय सांगू, सकाळी गुड मॉर्निंग, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आंब्याच्या पेट्यांची जाहिरात, निवडणूक आली की पक्षांचे व्हिडिओ, आणि मधे कुठेतरी सरांनी टाकलेला परिपत्रकाचा फोटो. तो फोटो पण तिरका, स्कॅन पुसट, भाषा अशी की चारदा वाचली तरी आपल्याला नेमकं काय करायचंय ते कळत नाही. असंच एका वर्षी नवोदयच्या फॉर्मचं झालं. पाचवीतल्या मुलांना सहावीसाठी सांगेलीच्या नवोदयची परीक्षा देता येते, त्याची शेवटची तारीख त्या गर्दीत वाहून गेली आणि हुशार पोरं बसली घरी. शाळेने मेसेज टाकला होता हे खरं, पण तो पोचला नाही हे पण तितकंच खरं.

त्यानंतर शाळेतल्या एका शिक्षिका बाईंनी पुढाकार घेऊन कम्युनिटी केली. व्हॉट्सॲपमध्ये कम्युनिटी हा प्रकार २०२२ च्या नोव्हेंबरपासून आहे पण आमच्याकडे कोणाला माहीत नव्हता. वरती एक घोषणांचा ग्रुप असतो, त्यात फक्त ॲडमिन टाकतात, आणि खाली छोटे छोटे ग्रुप. घोषणांच्या ग्रुपमध्ये बाकीच्या मेंबरना तुमचा नंबर दिसत नाही. हे बायकांना फार बरं वाटलं, कारण जुन्या ग्रुपमधून नंबर उचलून फालतू मेसेज करण्याचे प्रकार झाले होते आणि दोघी-तिघी त्यामुळेच ग्रुप सोडून गेल्या होत्या. आता त्या परत आल्यात.

खालचे ग्रुप आधी इयत्तेप्रमाणे केले होते. समितीत यावर बराच वेळ चर्चा झाली आणि ते बदलून वाडीप्रमाणे केले, आणि मला विचाराल तर या सगळ्या सेवेतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. एका घरातली दोन मुलं दोन वर्गांत असतात, आईला दोन ग्रुप बघायला लागायचे. आणि वाडीचं सगळं सारखं असतं, रस्ता सारखा, रेंज सारखी, व्हाळाला पाणी आलं तर सगळ्यांनाच अडचण. गेल्या पावसात एका वाडीच्या ग्रुपवर सकाळी सातला फोटो आला, साकवावरून पाणी जातंय, पोरांना पाठवत नाही. बाईंनी लगेच उत्तर दिलं, पाठवू नका, वाडीतली मुलं का आली नाहीत ते मी लिहून ठेवते. एवढंच. पण आधी काय व्हायचं, मूल गैरहजर, मग दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारणा, आणि ते बिचारं गप्प. शाळेला वाडीकडून कळणं हे शाळेने वाडीला कळवण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि जुन्या ग्रुपवर कोणी पालक असं लिहायला धजत नव्हता, एवढ्या लोकांत कोण बोलणार म्हणून.

पावसाच्या सुट्टीचं वेगळं सांगायला हवं. जुलैमध्ये हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की रात्रीपासून फोन सुरू होतात. सुट्टी जाहीर करतात जिल्हाधिकारी, पण त्याआधीच कुठला तरी मागच्या वर्षीचा आदेश फिरायला लागतो, शिक्का खरा, सही खरी, तारीख फक्त जुनी, कोणी वाचत नाही. कधी शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याचा आदेश आमच्याकडे येतो. माझ्या सासूबाई म्हणतात, "गो, ता लाल-नारिंगी माका काय कळना नाय, उद्या शाळा आसा काय नाय तेवढाच सांग." तर शाळेने आता पद्धत ठरवली आहे की घोषणांच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला तरच सुट्टी, बाकी कुठलाही फॉरवर्ड धरायचा नाही. आणि अलर्ट असेल त्या रात्री सर सुट्टी नसली तरी मेसेज टाकतात, अजून आदेश आलेला नाही, सकाळी सहाला परत सांगतो. हा दुसरा मेसेज मला फार मोलाचा वाटतो, कारण काहीच आलं नाही की लोक स्वतःच अंदाज लावतात.

मेसेज लिहायचा कसा यावर पण बाईंनी खूप कष्ट घेतलेत. परिपत्रकाचा फोटो तसाच टाकायचा नाही. वरती दोन ओळी, काय आहे, कधी आहे, काय आणायचं. खाली पाहिजे तर फोटो. आणि उद्या, परवा असले शब्द लिहायचे नाहीत, वार आणि तारीख लिहायची. हे आमच्या बोटीवाल्यांमुळे ठरलं. बोट एकदा बाहेर गेली की दोन-चार दिवस समुद्रात असते, किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज नाही, आणि परत जवळ आलं की सगळे मेसेज एकदम पडतात. माझ्या नवऱ्याने सोमवारचा उद्या सुट्टी हा मेसेज गुरुवारी वाचून घरी फोन केला होता, उद्या पोरांना शाळेत पाठवू नको म्हणून. गुरुवार दि. १७, शाळा १० ते १, एवढं लिहिलं की कुठूनही कधीही वाचलं तरी अर्थ तोच राहतो.

सोबत व्हॉइस मेसेज असतो. घरात फोन असतो पण वाचणारी व्यक्ती त्या वेळी घरात नसते, पोरांना शाळेत पाठवायचं काम आजीकडे असतं. बाई तोच निरोप आवाजात पाठवतात, मिनिटभराच्या आत, अगदी आमच्या बोलीत. सासूबाई तो दोनदा ऐकतात आणि शेजारणीला पण ऐकवतात. ज्या शाळांना फक्त एकच सुधारणा करता येईल त्यांना मी ही करायला सांगेन, खर्च शून्य, ॲप नवीन नको, काही नको.

एका सोयीबद्दल मात्र सावध करते. काही शाळा ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतात, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो. ऐकायला छान, पण त्यात एका लिस्टला २५६ जणांची मर्यादा आहे आणि मुख्य म्हणजे ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. नवीन शिक्षक बदलून आले, त्यांचा नंबर निम्म्या पालकांकडे नाही, की निम्म्यांना काही जातच नाही आणि पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेलं. चॅनेल पण आहे आता, भारतात २०२३ च्या सप्टेंबरपासून, पण ते एकतर्फी, कोण फॉलो करतंय तेही शाळेला नीट कळत नाही. मोठ्या हायस्कूलला ठीक, आमच्यासारख्या लहान शाळेला त्याची गरज नाही. इन्स्टाबद्दल तर एका ओळीत सांगते, तिथे खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात, सातवीपर्यंतची मुलं बहुतेक त्याखालची आणि आया-आज्या तिथे नाहीत, मग शाळेने तिथे वेळ का घालवावा.

दीड स्टार कापला तो कशासाठी तेही सांगते. एक म्हणजे काही वेळा अजून गैरहजर मुलांची यादी नावासकट ग्रुपवर येते, चाचणीचे मार्क पण एकदा आले होते. ज्याचं मूल मागे पडलंय त्या आईला चारचौघांत कसं वाटत असेल. असलं काही असेल तर त्या घराला फोन करा, दोन मिनिटांचा फोन. दुसरं म्हणजे पोल. पालकसभेची वेळ ठरवायला पोल घेतात हे चांगलंच आहे, त्यामुळेच सभा सकाळची बदलून संध्याकाळी पाचला गेली, सकाळी बायका बंदरावर लिलावाला नाहीतर बाजारात असतात, आधी कोणी विचारलंच नव्हतं. पण पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे पोषण आहार कसा वाटतो असले प्रश्न त्यात विचारले तर सगळे चांगला असंच दाबणार. त्यासाठी समितीच्या बायकांनी घरोघर विचारलेलं बरं. शिक्षण हक्क कायद्यात समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात हे लिहिलंय ते यासाठीच, सह्या करायला नाही.

तिसरं, पालकांकडून होतं ते. रात्री अकराला बाईंना मेसेज, वही सापडत नाही, डबा विसरला, आणि निळ्या टिका पडल्या की उत्तर का नाही म्हणून राग. बाईंना पण घर आहे. आता ग्रुपच्या माहितीत लिहून टाकलंय की संध्याकाळी सातपर्यंत उत्तर मिळेल, त्यानंतर फक्त आजारपण आणि पाऊसपाणी. हे सगळ्या शाळांनी लिहावं आणि आपण पालकांनी पाळावं.

आणि फोन बंद पडले तर काय याची तयारी अजून पुरेशी नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा वीज गेली, टॉवर बंद, कोणाचा कोणाला पत्ता नव्हता. शाळा तेव्हा बंदच होत्या म्हणून निभावलं. प्रत्येक वाडीत एक माणूस ठरवून ठेवायला हवा जो निरोप घेऊन घरोघर जाईल आणि देवळाजवळच्या फळ्यावर लिहील. कीपॅड फोनवाली चार-पाच घरं आहेत त्यांना पण एरवी हाच माणूस उपयोगी पडेल. समितीत ठराव झालाय, नावं ठरायची आहेत.

ज्या शाळांना अशी कम्युनिटी सुरू करायची असेल त्यांना वेळेबद्दल सांगते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या, बाप घरी. शाळा जूनच्या मध्याला उघडते. म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै एवढाच काळ असा आहे की आई आणि बाबा दोघं सभेला येऊ शकतात. आम्ही त्यातच फोन घेऊन यायला सांगितलं, वर्गात बसवून सगळ्यांना कम्युनिटीत घेतलं, सरांचा आणि बाईंचा नंबर सेव्ह करून दिला, फोटो आपोआप डाऊनलोड होतात ते बंद करून दिलं म्हणजे मेमरी भरत नाही, व्हॉइस मेसेज कसा करायचा ते दाखवलं. सातवीच्या पोरांनी मदत केली आणि ती आजीआजोबांना इतक्या मायेने शिकवत होती की बघत राहावं. ऑगस्टमध्ये हे करायला गेलात तर निम्मे बाप समुद्रात असतील.

एक गट मात्र अजून सुटतोय आणि मला त्याची सगळ्यात जास्त काळजी आहे. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळावरच्या, आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार कुटुंबासह राहतात, हंगामापुरती. त्यांची मुलं आमच्या शाळेत येतात, मराठी भराभर शिकतात, पण आईबाप कुठल्याच वाडीत धरले जात नाहीत म्हणून कुठल्याच ग्रुपमध्ये नाहीत, आणि सिम बदललं की जुना नंबर पण गेला. बाईंनी यंदा त्यांचा वेगळा छोटा ग्रुप केला आणि तिथे हिंदीतून व्हॉइस मेसेज टाकतात. एका बागेतली ताई त्यावर उलट मेसेज करून मुलाच्या तापाचं सांगायला लागली, आधी ते पोर आठवडा आठवडा दिसायचं नाही आणि कारण कळायचं नाही. आता समितीकडे मी एवढंच मागितलंय की हजेरीच्या वहीत प्रत्येक मुलासमोर दोन रकाने वाढवा, सध्याचा नंबर आणि दिवसा तो फोन कोणाकडे असतो, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलांना विचारून ते दुरुस्त करा.